प्रभारी अळू

न्यू जर्सीतल्या मराठी स्वयंपाकघरात नवी भाजी थेट कढईत जात नाही. आधी तिची मुलाखत होते आणि प्रश्न एकच असतो: "तू कोणाच्या जागेवर आली आहेस?" झुकिनीने दोडक्याच्या जागेसाठी अर्ज केला आणि ती केव्हाच कायम झाली. बटरनट स्क्वॉशला लाल भोपळ्याची खुर्ची मिळाली, आता त्याचे घारगेही होतात. हिरवं ग्रॅनी स्मिथ सफरचंद उन्हाळ्यात कैरीची बदली म्हणून पन्ह्याला उभं राहतं. थँक्सगिव्हिंगच्या क्रॅनबेरीला तर आपण मोहरी-मेथीची फोडणी देऊन तिचं लोणचंच घालून टाकलं. केलला मात्र अजून जागा मिळालेली नाही. ती बिचारी वर्षानुवर्षं मुलाखती देते आणि दर वेळी "कळवतो" हे उत्तर ऐकून फ्रिजमध्ये परत जाते.

स्विस चार्डचं प्रकरण निराळं. तिने पालक, अळू, चाकवत आणि माठ अशा चार जागांसाठी एकदम अर्ज टाकला आणि चारही ठिकाणी तिची वर्णी लागली. सरकारी भाषेत याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. पगार अर्थातच एकाचाच.

ज्यांनी ही भाजी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तळहाताहून मोठं, सुरकुतलेलं, चकचकीत हिरवं पान आणि त्याला बोटाहून रुंद देठ. देठ पांढरा असतो, पिवळा असतो, नारिंगी, गुलाबी, भडक लाल, काय वाट्टेल तो असतो. बीटची ही सख्खी बहीण. दोघींची जात एकच, बीटा व्हल्गॅरिस. बीटने कमाई जमिनीखाली पुरून ठेवली आणि हिने ती पानादेठांवर उधळली, इतकाच काय तो स्वभावातला फरक. दोघींची आजी म्हणजे भूमध्य समुद्राच्या आणि अटलांटिकच्या किनाऱ्यांवर आपलीआपण उगवणारं सी-बीट. खाऱ्या वाऱ्यात, वाळूदगडात वाढलेल्या आजीची ही नात. तिला न्यू जर्सीची चिकणमाती म्हणजे माहेरपण.

आमच्याकडे ती आली बायकोच्या सौंदर्यदृष्टीमुळे. बियांच्या दुकानात मी 'फोर्डहुक जायंट'चं पाकीट उचललं होतं. पांढऱ्या देठाचा, भरवशाचा, शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या बर्पी कंपनीने बाजारात आणलेला वाण. बायकोने ते परत ठेवलं आणि 'ब्राइट लाइट्स' घेतलं, कारण पाकिटावर सगळे रंग एकत्र होते. हा रंगीबेरंगी संसार न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या जॉन ईटन नावाच्या हौशी माणसाने निवडनिवडून जमवला आणि १९९८ मध्ये त्याला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. "पुरस्कारप्राप्त आहे," बायको म्हणाली. भाजी घेताना तिने हा निकष लावलेला मी प्रथमच पाहिला.

आता इथली एक गंमत सांगायला हवी. आईबाबांचा अमेरिकेचा हंगाम आणि चार्डचा हंगाम एकच असतो. थंडी सरत आली की एप्रिलच्या सुमारास दोघांचं आगमन, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गारठा कडक झाला की आवराआवर. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवर सहा महिन्यांचा मुक्काम देतो तो बहुधा चार्डच्या पाकिटावरच्या सूचना वाचूनच. त्यामुळे आईने डोंबिवलीहून येऊन बॅगा उघडल्या त्याच आठवड्यात आमच्या परसात चार्ड उगवली, आणि पुढचं सगळं त्या दोघींच्या संगनमताने झालं.

चार्डची जी 'बी' आपण पेरतो ती खरं तर एकटी बी नसते. तो वाळलेल्या फळांचा गड्डा असतो आणि आत दोन-चार बिया दाटीवाटीने बसलेल्या असतात. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरली की एका जागी तीन-चार रोपं डोकी वर काढतात. पुस्तकात लिहिलंय की त्यातलं धट्टंकट्टं एक ठेवावं, बाकीची उपटावीत.

"उपटायची?" आई म्हणाली. "जिवंत?"

"अगं, गर्दी झाली तर एकही धड वाढत नाही."

"आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जणं वाढली. उपटलं का कुणाला?"

या युक्तिवादाला कृषिशास्त्रात उत्तर नाही. आईने प्रत्येक जादा रोप अलगद काढलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांतून त्यांचं पुनर्वसन केलं. (हे डबे फेकू नयेत असं ती दर वर्षी सांगते, आम्ही दर वर्षी ऐकत नाही, आणि दर वर्षी ते तिला कुठून तरी सापडतातच.) चार्ड इतकी सोशिक की एकही रोप दगावलं नाही. एका कुटुंबाला पाच-सहा झाडं भरपूर होतात. आमच्याकडे आता वसाहत झाली होती.

परसातली जागा संपली तशी उरलेली रोपं घरासमोर गेली. आता घरासमोर भाजीपाला लावायला आमच्या सोसायटीची बंदी आहे. टोमॅटो दिसला तर पत्र येतं. पण झेंडूच्या आणि पेटुनियाच्या मधून लाल-पिवळ्या देठांची चार्ड अशी काही ऐटीत उभी राहिली, की तपासणीला आलेल्या बाई थांबून म्हणाल्या, "किती सुंदर शोभेचं झाड! नाव काय?" बायकोने पाकिटावरचं 'ब्राइट लाइट्स' तेवढं सांगितलं आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गाऊनवर स्वेटर घालून, हातात सुरी घेऊन त्या शोभेचा निम्मा भाग कापून घरात घेऊन आली. दोन आठवड्यांत शोभा परत भरून आली.

हा चार्डचा मोठाच गुण आणि मोठाच त्रास. पेरल्यापासून पन्नास-साठ दिवसांत ती हाती लागते आणि मग थांबायचं नाव घेत नाही. बाहेरची पानं काढायची, मधला कोंब तेवढा राखायचा, की आतून नवी पानं येत राहतात. पालक इथल्या जूनच्या उन्हात फुलावर येऊन हात वर करतो, कोथिंबीर तर त्याच्याही आधी. चार्ड द्वैवार्षिक आहे, एक हिवाळा पाहिल्याशिवाय ती सहसा फुलत नाही. म्हणजे जूनपासून थंडी पडेपर्यंत रोज सकाळी ती ताजीतवानी हजर. तिला रजा नाही, संप नाही.

अमेरिकेत ८ ऑगस्ट हा दिवस शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप झुकिनी ठेवून पळून जाण्याचा म्हणून साजरा होतो. मला वाटतं, ज्याने ही प्रथा काढली त्याच्याकडे चार्ड नसावी. झुकिनीचं पीक निदान आटोपतं. आमच्या मराठी मंडळात आईच्या हातात कापडी पिशवी दिसली की माणसं गाडीतून उतरत नसत. एक गृहस्थ तर "आम्ही पुढच्या आठवड्यात टेक्ससला शिफ्ट होतोय," असं सांगून मोकळे झाले. ते अजून इथेच आहेत, फक्त ओळख दाखवत नाहीत.

मदतीला धावून आला तो ग्राउंडहॉग. मांजराहून मोठा, केसाळ, गुबगुबीत, आमच्या अवजारांच्या खोपटाखाली बिळात राहणारा. याच्या जातभाईला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून २ फेब्रुवारीला समारंभाने बाहेर काढतात आणि हिवाळा अजून किती उरला ते त्याच्या सावलीवरून ठरवतात. मी हे आईला सांगितलं.

"म्हणजे हा हवामान खात्यात आहे?"

"तसंच काहीसं."

"अंदाज बरोबर येतो का?"

"बहुतेक वेळा नाही."

"आणि तरी नोकरीवर आहे," असं म्हणून आईने त्याच्याकडे आदराने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक अख्खी ओळ बुडापर्यंत खाल्ल्यावर तो आदर गेला. पण जमिनीलगतचा गाभा शाबूत होता, तेवढ्यावर चार्ड पुन्हा उठली. तो ग्राउंडहॉगही शेवटी कंटाळून शेजारच्या घेवड्याकडे वळला.

दुसरा शत्रू बारीक. पानाच्या मागच्या बाजूला एक माशी पांढरी, इवलीशी अंडी ओळीने घालते. त्यातून निघणारी अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून भुयार काढत हिंडते आणि वरून पाहणाऱ्याला पानावर फिकट नकाशा दिसतो. कृषिखात्याच्या पत्रकात उपाय आहे: पानं उलटून पाहा, अंडी अंगठ्याने चिरडा. आईला हे पत्रक लागलं नाही. जन्मभर अळूची पानं उलटी ठेवून बेसन थापणाऱ्या बाईला पानाची मागची बाजू हीच खरी बाजू वाटते.

तर अळूवडी. मुद्दा तिथेच यायचा होता. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत अळू मिळत नाही असं नाही, पण त्याची किंमत डॉलरांत आणि वय आठवड्यांत मोजावं लागतं. चार्ड दारात. पण तिला ही जागा देताना आईने तिची जी परीक्षा घेतली ती लोकसेवा आयोगालाही जमणार नाही. आधी कच्चा तुकडा चावून पाहिला. "मातीचा वास येतो. धुतली नाहीस नीट." मी पुन्हा धुतली. पुन्हा तोच निकाल. बीटच्या कुळात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो तो त्याचाच, हे मी समजावून सांगितलं. पण तो वास आईला खिडकीतून आवडतो, ताटातून नाही.

मग चिंचेचा कोळ आला, गूळ आला, गोडा मसाला, तीळ, लाल तिखट, ओवा आला.

"आई, चिंच कशाला? अळूत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून ते खाजतं, म्हणून चिंच. हिच्यात ऑक्झलेट आहे, पण त्या सुया नाहीत. ही खाजतच नाही."

"एखादा माणूस भांडत नाही, म्हणून त्याच्याशी गोड बोलायचं नाही का?"

चिंच पडली.

कामात पडल्यावर चार्डचे गुणदोष कळत गेले. तिचा मधला देठ जाडजूड, लाटणं फिरवून अळूच्या शिरा मोडतात तसा तो मोडत नाही. पानात खाच देऊन तो काढूनच टाकावा लागतो. मग पानाला मधोमध फट पडते आणि ती झाकायला दुसरं पान उलट्या दिशेने ठेवावं लागतं. पान सुरकुतलेलं, म्हणून प्रत्येक खळगीत बेसन जाऊन बसतं आणि वाटीभर जास्त लागतं. शिवाय ही पाणीदार. वाफवताना अंग चोरते, उंडा सैल पडतो. पहिल्या खेपेचे उंडे चाळणीत आडवे झाले. आईने पीठ आणखी घट्ट केलं, त्यात तांदळाची पिठी घातली, पानांचे थर वाढवले आणि वाफवलेले उंडे पूर्ण गार झाल्यावरच कापले. तळल्यावर कडा अशा कुरकुरीत झाल्या की मंडळातले ओळख न दाखवणारे लोकही परत ओळख दाखवू लागले.

पानांत सारण गुंडाळणं हा काही आपलाच शोध नाही. तुर्कस्तानात चार्डच्या पानांत भात गुंडाळतात. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन भागात 'कापुन्स' म्हणून पदार्थ आहे: पिठाचा गोळा, त्यात वाळवलेल्या मांसाचे तुकडे, तो चार्डच्या पानात बांधायचा आणि दूध घातलेल्या रश्शात शिजवायचा. मी आईला फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. तिने मांसाकडे दुर्लक्ष केलं, चीजकडे दुर्लक्ष केलं. "एवढं सगळं करून तळत नाहीत?" हा तिचा एकमेव आणि मर्मभेदी आक्षेप होता. फ्रान्समधल्या नीस शहरात याच पानांची साखर, बेदाणे आणि चिलगोजे घालून गोड पाय करतात हे ऐकल्यावर मात्र तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पुण्याचे. "तुमच्याकडचे कोणी गेले होते का तिकडे?"

अळूचं फदफदं ही दुसरी परीक्षा. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, डाळीचं पीठ लावून घोटलेली पानं, सगळं रीतसर. पण देठ लाल घेतले होते. बीटचा तोच रंग, पाण्यात सुटतो आणि सगळ्यांना आपल्यात सामील करून घेतो. पातेल्यात जे तयार झालं ते पाहून बाबांनी आनंदाने विचारलं, "सोलकढी केलीस?" तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पांढरे आणि पिवळे देठ फदफद्याला, लाल देठ दह्यातल्या रायत्याला. रायतं गुलाबी झालं तर ते मुद्दाम केलंय असं वाटतं.

देठ आधी, पानं नंतर, हे शिकवलं कुंपणापलीकडच्या इटालियन आजींनी. ऐंशीच्या घरातल्या. अख्खी गल्ली त्यांना नोना म्हणते. आईला इंग्रजी येत नाही, नोनांच्या इंग्रजीत इंग्रजी कमी. एका दुपारी मी पाहिलं तर दोघी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकच पान धरून तावातावाने बोलत होत्या. नोनांची रीत अशी: देठ चिरून वेगळे, ऑलिव्ह तेलात भरपूर लसूण, सुकी लाल मिरची, त्यात आधी देठ, ते नरम झाले की पानं, शेवटी शिजवलेले पांढरे बीन्स. आईने चाखलं. "आपलीच भाजी आहे. म्हातारी जिरं घालायला विसरली." नोनांनी आईची पीठ पेरून केलेली भाजी खाल्ली आणि डोळे मिटून काहीतरी बराच वेळ बोलल्या. भाषांतर करायला कोणी नव्हतं, त्यामुळे ती स्तुतीच होती. पण दोघींचं खरं मैत्र जुळलं ते माझ्या बायकोच्या काचेच्या पेल्यामुळे. ती सकाळी चार्डची कच्ची पानं, केळं आणि बर्फ एकत्र फिरवून पिते. ते पाहून दोन खंडांतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकाच वेळी कपाळाला हात लावला.

भाद्रपदात चार्डला धार्मिक पदोन्नती मिळाली. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. परसात, कुंपणावर आपसूक किंवा माणसाच्या हाताने उगवलेलंच हवं. डोंबिवलीत त्या दिवशी भाजीवाले 'ऋषीची भाजी' म्हणून वाटे लावतात आणि आई प्रत्येक वाट्याची उलटतपासणी घेते. इथे बाबांनी मुद्दा काढला: "या देशात बैल नांगराला जुंपतं कोण? म्हणजे वॉलमार्टमधलं सगळंच ऋषींना चालतं." तर्क बिनतोड होता, म्हणूनच आईने तो ऐकला नाही. तिने आमच्याच परसातलं घेतलं. माठाच्या लाल देठांच्या जागी चार्डचे लाल देठ गेले. वनस्पतिशास्त्रज्ञांची हरकत नसावी. माठ, राजगिरा, चाकवत, पालक आणि बीट ही सगळी आता एकाच कुळात मोडतात. सोयरसुतक जुळत होतं.

बाबांची चार्डशी लढाई वेगळ्याच आघाडीवर चालली होती. त्यांना पालेभाजीच मुळात आवडत नाही आणि ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. एके दिवशी त्यांनी पेपर वाचता वाचता जाहीर केलं की शंभर ग्रॅम कच्च्या चार्डमध्ये आठशे मायक्रोग्रॅमहून जास्त के जीवनसत्त्व असतं, पुरुषाला दिवसाला १२० लागतं, आणि ते वॉरफरिनच्या विरोधात काम करतं. तेव्हा मोठ्या दुःखाने त्यांना ही भाजी सोडावी लागत आहे. दुःख चेहऱ्यावर मावत नव्हतं. आईने तडक त्यांच्या डॉक्टरांना डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी एकदम बंद करू नका आणि एकदम वाढवूही नका. रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे गोळीचा हिशोब चुकत नाही.

"ऐकलंत? रोज," आई म्हणाली. तेव्हापासून बाबांच्या पानात दोन्ही वेळा चार्डचा एकेक मोजका डाव पडू लागला. मीठ चुकेल, पण तो डाव चुकणार नाही.

पालकाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. आईचा एक सूर शेवटपर्यंत कायम होता: कितीही केलं तरी ही बदली कामगार, आपल्या पालकाची सर हिला नाही. मग मला तिला सांगावंच लागलं की इंग्रजीत ज्याला स्पिनॅच म्हणतात ती वेगळी वनस्पती. आपल्याकडे बाजारात पालक म्हणून मिळणाऱ्या जुड्या पुष्कळदा बीटच्याच जातीच्या असतात, चार्डच्या चुलतघरातल्या. त्यातही दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेला 'पुसा पालक' हा वाण देशी पालक आणि स्विस चार्ड यांच्या संकरातून झालेला आहे. 'पुसा हरित'मध्ये तर साखरेचं बीट आहे.

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी चाळीस वर्षं हीच खातेय?"

"थोडीफार."

"आणि तू मला इथे येऊन हिची नव्याने ओळख करून देतोयस."

ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबा परत गेले. चार्डला पहिल्या हलक्या गोठणाऱ्या रात्रींनी काही झालं नाही, उलट ती जरा गोडच झाली आणि डिसेंबरात केव्हा तरी आडवी पडली. मधल्या काळात आईचा डोंबिवलीहून फोन आला. स्टेशनजवळच्या नेहमीच्या भाजीवाल्याला तिने पालकाची जुडी घेताना सगळं समजावून सांगितलं होतं: ही अर्धी स्विस आहे, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी केलेली, अमेरिकेत लोक हिला शोभेसाठी लावतात, बक्षिसं मिळतात हिला. भाजीवाल्याने लक्ष देऊन ऐकलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आज गेले तर जुडी पाच रुपयांनी महाग."